मदत हवी आहे: जुलैत उत्तरेकडच्या तळ्यांवर आठ दिवस, माशांच्या नवीन जाती गरवण्यासाठी

भरतीओहोटी:

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर कॅनडात दोघांची कनू-सहल (वल्ह्यांच्या अरुंद होडीतून) ठरते आहे. आठ दिवस, रस्ता नाही. विमान एका तळ्यावर सोडेल आणि ठरल्या दिवशी खालच्या तळ्यावरून उचलेल. उद्देश एकच, आजवर गरीला न लागलेल्या जाती. यादी: लेक ट्राउट, पाइक, वॉलआय, ग्रेलिंग, लेक व्हाइटफिश, बर्बट.

वजनाच्या मर्यादेमुळे रॉड प्रत्येकी दोनच. साधारण ९० किमीचा मार्ग आखला आहे. सहा जातींना दोन रॉड पुरतील का? भर उन्हाळ्यात ट्राउट किती खोल असतो? ल्यूर (कृत्रिम आमिषं) किती न्यावेत? यादीतलं काही अशक्य असेल तर तेही सांगा.

पाणकावळा:

ल्यूरच्या आधी मार्ग बघा. आठ दिवसांत ९० किमी हा वल्हवण्याचा कार्यक्रम झाला, गरवण्याचा नाही. मोठ्या तळ्यावर वारा सुटला की कनू किनाऱ्याला लावून बसावं लागतं. आठांतले दोन दिवस त्याच्या नावाने सोडून द्या. उरलेल्या सहांत दिवसाला ८ ते १० किमी धरा. शिवाय नाव आणि सामान उचलून चालायचे टप्पे मोजताना फसगत होते. १ किमीचा टप्पा दोन खेपांत केला तर चाल ३ किमी पडते, कारण मध्ये एकदा मोकळ्या हाताने परत यावं लागतं. मार्ग ४५ ते ५० किमीवर आणा.

तो निवडताना नकाशावर जातींची घरं शोधा. १:५०,००० च्या नकाशावर तळ्याची खोली नसते, पण किनाऱ्यालगत समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाटीने आल्या असतील तर तो उतार बहुधा पाण्याखालीही तसाच जातो: तिथे ट्राउट. दलदलीची खूण असलेला उथळ फाटा: पाइक. दोन तळ्यांना जोडणारी नदी आणि तिच्यावर खळाळाची खूण: खळाळात ग्रेलिंग, तो संपून पाणी मंदावतं तिथे वॉलआय. हे तिन्ही एका मुक्कामापासून ३ किमीच्या आत असतील अशी जागा सापडली तर तिथे तीन रात्री काढा. रोज तंबू हलवणाऱ्याला नवीन तळी दिसतात, नवीन जाती फारशा मिळत नाहीत.

खंड्या:

ट्राउटच्या खोलीबद्दल. त्याला १० अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी मानवतं. जुलैत वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहतं. मधल्या थरात, म्हणजे थर्मोक्लाइनमध्ये, दर मीटरला एक अंश किंवा जास्त घट होते. ट्राउट या थराच्या खालच्या अंगाला किंवा त्याहून खोल मिळतो, बहुतेक तळ्यांत १२ ते २५ मीटरवर. अगदी उत्तरेला बर्फ उशिरा वितळलेल्या तळ्यात तो जुलैतही ५ मीटरवर असू शकतो. म्हणून आकडा पाठ करून जाऊ नका, मोजा.

मोजायला किमान तापमानाची नोंद धरून ठेवणारा जलरोधक थर्मामीटर पुरतो. दर २ मीटरवर गाठ मारलेली दोरी आणि ६० ग्रॅमचं वजन लावून खाली सोडा, ३ मिनिटं थांबा, ओढा. पाणी खाली जाताना थंडच होत जातं, त्यामुळे नोंदलेलं किमान तापमान हेच त्या खोलीचं. साधा थर्मामीटर वर येता येता गरम पाण्यातून जातो आणि चुकीचं दाखवतो. हीच दोरी खोली मोजायलाही चालते.

छोटा सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) नेणार असाल तर त्याची संवेदनशीलता वाढवा. थर्मोक्लाइन फिकट पट्ट्यासारखा दिसतो. बॅटरी १२.८ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लिथियम घ्या. ती ९० वॉट-तासांच्या आत बसते. प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपुढे कंपनीची परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी हातातल्या पिशवीतच न्यावी लागते.

गरीवाली:

दोन रॉड पुरतात. दोन्ही चार तुकड्यांचे घ्या.

जड रॉड: २.१ मीटर, १५ ते ४० ग्रॅमचे ल्यूर पेलणारा. त्यावर १० किलो ताकदीची विणीची दोरी. नायलॉन ताणतं, २० मीटर खोलीवर हिसका दिला तर तो गरीपर्यंत पोचेतो विरून जातो. ट्राउटसाठी पुढे दीड मीटर फ्लुरोकार्बनची दोरी आणि २० ते ३० ग्रॅमचा पांढरा ट्यूब जिग (वजनदार डोक्याची गरी, वर मऊ नळीचा ल्यूर). तळाला टेकवा, दीड मीटर उचला, सैल न सोडता खाली जाऊ द्या. मासा बहुतेक वेळा खाली जाताना घेतो, आणि दोरी सैल असेल तर कळतही नाही. पाइकसाठी त्याच रॉडला ३० सेंमीचं तारेचं लीडर (दोरी आणि ल्यूर यांमधला तुकडा) आणि मोठा स्पून (चमच्यासारखा धातूचा ल्यूर). तारेवाचून पाइकला बसू नका. दोरी तुटते आणि गरी माशाच्या तोंडात राहते.

हलका रॉड: १.८ मीटर, १ ते १० ग्रॅम, ३ किलोची दोरी. ग्रेलिंगचं तोंड लहान, स्पिनर (फिरत्या पात्याचा ल्यूर) ० किंवा १ नंबरचा. व्हाइटफिशचं तोंड खालच्या बाजूला आणि कागदासारखं; २ ग्रॅमचा बारीक जिग तळाशी, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल, हिसका अजिबात नाही. संध्याकाळी पाण्यावर किडे उतरले आणि वर्तुळं उठू लागली की तो वरही येतो. तेव्हा पारदर्शक तरंगा लावा आणि मागे मीटरभर दोरीवर १४ नंबरची कृत्रिम माशी. वॉलआयला ७ ग्रॅमचा जिग. त्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, अंधुक उजेडात त्याला चांगलं दिसतं, म्हणून तो संधिप्रकाशात खातो. तिकडे जुलैत सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. जेवणं आधी उरका.

ल्यूर दोघांत मिळून ४० पुरे. वीस प्रकारचे दोन-दोन नेण्यापेक्षा आठ प्रकारचे पाच-पाच न्या. खळाळात आणि दगडांत जिग जातातच, आणि चौथ्या दिवशी चालणारा एकुलता एक रंग तळाला अडकला की बाकीचे एकोणीस प्रकार कामाचे नसतात. रॉडच्या टोकाची सुटी कडी आणि गरम करून लावायच्या गोंदाची कांडी हवीच. टोकाची कडी तुटणं ही अशा सहलीतली सर्वांत नेहमीची मोडतोड.

पाणकावळा:

नियमांचं राहिलं. परवाना प्रांतानुसार वेगळा, मर्यादा आणि बंदी कधी तळ्यानुसारही वेगळी. चालू वर्षाची पुस्तिका छापून जवळ ठेवा. मॅनिटोबा प्रांतात टोकामागे उलटा काटा असलेली गरी चालत नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा हलकं शिसं चालत नाही, तिथे टंगस्टन लागतं. उलटे काटे घरीच पक्कडीने दाबून टाका आणि गरीवरून कापूस फिरवून बघा, अडकता कामा नये. स्पूनच्या तिहेरी गऱ्या काढून एकेरी लावा. पाइक सोडवायला निम्मा वेळ लागतो.

बर्बट यादीतून काढा. गोड्या पाण्यातला कॉडच्या कुळातला हा एकमेव मासा, त्यामुळे मोह समजू शकतो. पण तो थंडीतला. बर्फाखाली अंडी घालतो आणि उन्हाळ्यात खोल जाऊन रात्रीच फिरतो. त्याच्यामागे रात्री घालवाल तर वॉलआयचा वेळ जाईल.

खंड्या:

काढा म्हणण्याइतकं नाही. संध्याकाळी वॉलआय करून झाल्यावर, खोल पाणी मुक्कामाला लागूनच असेल तर माशाच्या मांसाचा तुकडा लावून तळाशी एक दोरी टाकायला हरकत नाही. मात्र दोरी धरून बसायचं. टाकून झोपलात तर मासा गरी गिळतो, आणि राखण न केलेली दोरी बऱ्याच ठिकाणी बेकायदेशीर आहे.

भरतीओहोटी:

सर्वांचे आभार. मार्ग ४८ किमीवर आणला, बर्बट "जमलं तर" मध्ये. दोन शंका. २० मीटरवरून वर आणलेला मासा सोडला तर जगतो का? आणि जात नक्की ओळखायला फोटोत काय यायला हवं? नंतर घोळ नको.

गरीवाली:

जातीवर आहे. ट्राउट आणि व्हाइटफिशच्या हवेच्या पिशवीला घशाकडे वाट असते. सावकाश वर आणलं तर ते हवा सोडतात, दोरीजवळ बुडबुडे दिसतात. वॉलआयला ती वाट नाही. १० मीटरपेक्षा खोलातून आणलेला वॉलआय फुगून पाण्यावर उलटा पडतो, म्हणून सोडायचा असेल तर त्या खोलीवर गरवूच नका. सुईने पिशवी फोडायच्या भानगडीत पडू नका.

ट्राउटला वरचं तापलेलं पाणीही बाधतं. जाळीत, पाण्यातच ठेवून गरी काढा, हात ओले ठेवा, फोटोपुरता १० सेकंद बाहेर. कॅमेरा तयार झाल्याशिवाय मासा उचलायचा नाही.

पाणकावळा:

तीन फोटो: पूर्ण बाजू, पाठीचा पर उघडून, आणि तोंड बाजूने. वॉलआयच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सॉगरच्या पाठीच्या परावर ठिपक्यांच्या रांगा असतात. लेक ट्राउटची शेपटी खोल दुभंगलेली आणि गडद अंगावर फिकट ठिपके. ब्रूक ट्राउटची शेपटी जवळजवळ सरळ कापलेली. व्हाइटफिश आणि सिस्को यांत सर्वाधिक घोळ होतो. व्हाइटफिशचं नाक तोंडाच्या पुढे येतं, सिस्कोचे दोन्ही जबडे टोकाला मिळतात. म्हणून तोंडाचा फोटो चुकवू नका.

खंड्या:

एक बारीक गोष्ट. डासांसाठी डीटचं औषध नेणार असाल तर ते मनगटाच्या मागच्या बाजूने चोळा, तळव्याने नाही. डीटने प्लास्टिक विरघळतं. मऊ ल्यूर, कृत्रिम माशीने गरवायची दोरी, चष्म्याची काच सगळ्यांवर त्याचे डाग पडतात. कपड्यांना घरूनच परमेथ्रिन (कीटकनाशक) लावून वाळवा आणि डोक्यावरची जाळी प्रत्येकी दोन न्या, पहिली दुसऱ्याच दिवशी फांदीत अडकून फाटते.