खुब्याचं ऑपरेशन: स्क्रू निसटण्याचा धोका डिस्चार्ज कार्डावर लिहावा का?

सड्यावरचा: पावसात पाखाड्यांवर शेवाळ धरलं की खुबा मोडलेली म्हातारी माणसं दवाखान्यात यायला लागतात. रॉड नाहीतर पट्टी-स्क्रू बसतो, टाके निघतात, मुलगा मुंबईला परततो. आणि त्यातल्या काहींचा स्क्रू पुढच्या दोन-तीन महिन्यांत मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्यातून वर फाडून बाहेर येतो. मी एक्स-रे विभागात आहे. माझं म्हणणं, यातले बरेचसे ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्स-रेवरच ओळखू येतात.

१९९५ साली बॉमगार्टनर या हाडांच्या सर्जनने आणि सहकाऱ्यांनी खुब्याची १९८ फ्रॅक्चर तपासली. स्क्रूचं टोक गोळ्याच्या माथ्यापासून किती लांब, हे समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्स-रेवर मोजायचं आणि बेरीज करायची. हेच टिप-अ‍ॅपेक्स डिस्टन्स. ज्या १२० स्क्रूंची बेरीज २५ मिलिमीटर किंवा कमी होती, त्यातला एकही निसटला नव्हता. एक्स-रेवर सगळं मोठं दिसतं हे खरं, पण स्क्रूची खरी जाडी माहीत असते, त्या प्रमाणात हिशेब करता येतो. मग हा आकडा कार्डावर का लिहू नये?

ओहोटी: ऑर्थो, म्हणजे हाडांचा डॉक्टर आहे, म्हणून बोलतो. आकडा चांगलाच आहे, पण एकटा काही सांगत नाही. फ्रॅक्चरची रेघ उलटी तिरकी असेल तर साध्या पट्टी-स्क्रूने, आकडा कितीही सुंदर आला तरी, घात होऊ शकतो. हाडाची बाहेरची भिंत पातळ आहे का? हाडाची मान व्हॅरसमध्ये, म्हणजे खाली झुकलेली, बसली का? हाड मुळात कसं जुळवलं? मला विचाराल तर हे शेवटचं सगळ्यात मोठं, आणि ते मिलिमीटरमध्ये मावत नाही. शिवाय आता बरेच जण नेलमध्ये, म्हणजे रॉडमध्ये, स्क्रूऐवजी पातं वापरतात. ते माथ्याच्या फार जवळ गेलं तर ठिसूळ हाडातून थेट सांध्यात घुसतं. तिथे ‘जितकं कमी तितकं चांगलं’ चालत नाही. घरच्यांना एवढं सगळं कोण समजावणार?

सड्यावरचा: समजावू नका, लिहा तरी. आणि बाजूचा एक्स-रे किती ठिकाणी नीट निघतो, तेही बघा. पेशंट दुखतंय म्हणून हलत नाही, मग समोरच्या एकाच फिल्मवर ‘छान बसलंय’.

चालते_व्हा: फिजिओ. माझा ठाम विरोध. कार्डावर ‘धोका जास्त’ लिहिलंत की आजी खाटेवरून उठलीच समजू नका. सून उठू देणार नाही, शेजारीण तर नाहीच नाही. मग पाठीला जखमा, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या. स्क्रू निसटण्यापेक्षा ही भीती मला मोठी वाटते. वॉकर धरून चालणारं म्हातारं माणूस दुखेल तितका भार आपणच कमी टाकतं.

खळ्यातलो: आमका कोणी कायच सांगूक नाय. आये मांडीत दुखता म्हणी, आमी म्हटला ऑपरेशन झाला हा, दुखतलाच. पाय आखूड दिसाक लागलो तेव्हा गोव्याक बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलव. स्क्रू भायर इलेलो. आकडो नको माका, पण कधी धावत येवचा ता तरी लिवा.

चालते_व्हा: भाऊ, हे मात्र शंभर टक्के मान्य. दुखणं कमी होत होतं आणि परत वाढलं, जांघेत कळ यायला लागली, पाय आखूड झाला किंवा बाहेर वळला, तर त्याच दिवशी एक्स-रे.

ओहोटी: लक्षणं आणि पुढच्या एक्स-रेची तारीख लिहायला मी तयार आहे. आकडा नाही. २७ लिहिला आणि काही बिघडलं, तर वकील तो कागद घेऊनच ग्राहक आयोगात उभा राहील. तुम्ही एक्स-रेवाले, तुमची सही नसते.

सड्यावरचा: आता खरं कारण आलं! मला सांगा, २७ आला तर तारीख लवकरची देता की नाही?

ओहोटी: देतो.

सड्यावरचा: मग आकडा तुम्ही वापरलातच, फक्त घरच्यांना कळू दिला नाहीत.

ओहोटी: लपवत नाही हो. विचारलं तर सांगतो. आणि एकाच खुब्यात अडकलोय आपण. २००७ च्या एका मोठ्या चाचणीत, खुब्याच्या ऑपरेशननंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड या ठिसूळ हाडांवरच्या औषधाचं सलाईन दिलेल्यांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी होते. ते किती कार्डांवर लिहिलेलं असतं? त्यावर धागा काढा.

खळ्यातलो: काढा मगे. पण आदी ह्या सांगा डॉक्टरानू, विचारूचा तरी काय?

ओहोटी: दोन्ही बाजूंचे एक्स-रे झाले का. स्क्रू गोळ्याच्या मध्यावर आहे की वरच्या कडेला. मान झुकलेली बसली का. पुढचा एक्स-रे कधी. आणि हाडं ठिसूळ होण्यावर औषध कोणतं.

सड्यावरचा: हेच छापा की कार्डाच्या मागच्या बाजूला. याला कुठला वकील अडवणार?