चर्चा : 'बीटा'त नापास झालेला सैनिक शेवटी हुशार ठरायलाच हवा का?

जुनी_वही

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे साडेसतरा लाख लोकांची बुद्धी मोजली. वाचता येणाऱ्यांना 'अल्फा', निरक्षरांना आणि इंग्रजी न येणाऱ्यांना 'बीटा'. यावर प्रेरणादायी कथा लिहायची म्हटलं की साचा ठरलेला: इटलीहून आलेला पोरगा, इंग्रजीचा गंध नाही, शेरा 'डी उणे'. मग फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलात पठ्ठ्या अख्खी तुकडी वाचवतो, पदक मिळवतो आणि चाचणी घेणारे साहेब खाली मान घालतात.

या शेवटाला माझा विरोध आहे. चाचणी अन्यायाची होती हे दाखवायला पदक कशाला लागतं? उत्तरपत्रिका पुरते. बीटाचा सहावा भाग घ्या. २० चित्रं, ३ मिनिटं, प्रत्येक चित्रात एक गोष्ट कमी, ती काढायची. टेनिसच्या मैदानाला जाळी नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही, विजेच्या दिव्यात तार नाही. घराला धुराडं नाही. सिसिलीहून आलेल्या एका रंगरुटाने तिथे धुराड्याऐवजी क्रूस काढला, कारण त्याच्या गावी घरावर तो असायचाच. गुण : शून्य. हा किस्सा मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआसने सांगितलेला आहे. आता याच माणसाला तिसऱ्या प्रकरणात शौर्यपदक दिलं, तर वाचक म्हणणार, 'बघा, हा तर हुशारच निघाला.' म्हणजे पदक न मिळालेले बाकीचे खरेच मठ्ठ होते का?

रणगाडा

साफ असहमत. प्रेरणादायी कथा म्हणजे चौकशी आयोगाचा अहवाल नव्हे. वाचकाला माणूस उभा राहिलेला बघायचा असतो. शिवाय हा शेवट इतिहासाला सोडून नाही. त्या सैन्यात परदेशात जन्मलेले जवळपास पाच लाख होते, शेकडा १८. मायकेल व्हॅलेंटे इटलीत जन्मला, १९१३ मध्ये अमेरिकेत आला, २९ सप्टेंबर १९१८च्या लढाईसाठी त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, तेही १९२९ साली. ११ वर्षं उशिरा! एवढा आयता मसाला टाकून द्यायचा?

खंदक_नं_९

@रणगाडा, मसाला चांगलाय, पण तुमच्या कथेत बसत नाही. व्हॅलेंटे १९१६ मध्ये स्वतःहून नॅशनल गार्डमध्ये (स्वयंसेवी राखीव दलात) गेलेला. सक्तीच्या भरतीतला गोंधळलेला रंगरूट तो नव्हेच.

हे लिहिणारे तारखांत हमखास फसतात, म्हणून क्रम देतो. मे १९१७ अखेर रॉबर्ट यर्क्स, टर्मन, गॉडार्ड ही मानसशास्त्रज्ञ मंडळी व्हाइनलंडला (न्यू जर्सी) जमली आणि दोनेक आठवड्यांत चाचण्यांचा आराखडा झाला. त्या शरद ऋतूत डेव्हन्स, डिक्स, ली आणि टेलर या चार छावण्यांत प्रयोग झाले. अल्फा-बीटा सैन्यभर पसरल्या त्या १९१८ मध्ये. न्यू यॉर्कच्या स्थलांतरितांनी भरलेली ७७वी डिव्हिजन मार्च-एप्रिल १९१८ मध्येच फ्रान्सकडे निघाली. त्यामुळे नायक १९१७च्या शरदात छावणीत आला आणि लगेच बीटाला बसला, असं लिहिलं की जाणकार पुस्तक तिथेच मिटतो. त्याला १९१८च्या उन्हाळ्यात भरती करा, बदली सैनिक म्हणून आर्गॉनला पाठवा. जुळतं.

सांख्यिकी_काका

दुसऱ्या बाजूने कोणी बोलतच नाही म्हणून लिहितो. यर्क्सला खलनायक करणं सोपं आहे, पण बीटा बनली तीच मुळी न्याय करायला. सुमारे पाव रंगरुटांना वर्तमानपत्र वाचून समजणं किंवा घरी पत्र लिहिणं जमत नव्हतं. त्यांना अल्फाला बसवलं असतं तर सरळ अन्याय होता. क्रिस्को (अमेरिकेतलं एक वनस्पती तूप) हे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, असे प्रश्न होते तिथे! म्हणून भूलभुलैया, ठोकळे मोजणे, अंक-चिन्ह अशा शब्दांविना सात चाचण्या केल्या. हेतू बरा होता, घात अंमलबजावणीने केला.

जुनी_वही

@सांख्यिकी_काका, शब्दांविना? हुकूम सुटत होते ते इंग्रजीतच. दृश्य डोळ्यांसमोर आणा. खोलीत साठेक माणसं. समोर फळा, त्याच्याशेजारी करून दाखवणारा एक शिपाई. परीक्षक खुणा करत ओरडतो : याच्याकडे बघा, हा जे करेल ते तुम्ही कागदावर करायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. चित्रांच्या भागात तो बोट नसलेल्या हाताकडे दाखवून 'फिक्स इट, फिक्स इट' म्हणतो, शिपाई बोट काढतो, की झालं, 'हरी अप!' हात थांबला की मागून मदतनीस येऊन कागदावर बोट ठेवून पुन्हा तेच. काहींच्या हातात पेन्सिलच आयुष्यात पहिल्यांदा आली होती. मागच्या रांगेला धड ऐकू येत नाही, दिसत नाही. मग भागांमागून भागांत शून्यांचा ढीग पडतो. ज्याला एकही उत्तर येत नाही त्याची बुद्धी कमी, की काय करायचंय हेच त्याला कळलेलं नाही?

सांख्यिकी_काका

शून्यांचा मुद्दा मान्य, तो सांख्यिकीतही खटकतो. आणखी एक भर घाला. बीटासाठीच्या रांगा इतक्या लांबल्या की काही छावण्यांनी अल्फाची पात्रता खाली आणली आणि जेमतेम अक्षरं ओळखणारेही अल्फाला ढकलले. अल्फात आपटलेल्यांना बीटा द्यायची आणि त्यातही आपटले तर एकट्याला बसवून तपासायचं, असा नियम होता. वेळेअभावी तो कितीदा तरी पाळलाच गेला नाही. पण याला दुष्टपणा म्हणू नका, ही घाई होती.

रणगाडा

घाई असो की दुष्टपणा, नायकाला काय फरक पडतो? उलट माझा मुद्दा पक्का होतो. इतक्या अन्यायानंतर त्याला काहीच मिळालं नाही तर ती कथा प्रेरणादायी कशी?

निळी_शाई

मिळू द्या ना, पण जे खरंच मिळत होतं ते. जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डनमध्ये १९१८ साली इंग्रजी न येणाऱ्यांना भाषेनुसार वेगळं काढलं, त्यांची भाषा बोलणारे अधिकारी दिले, इंग्रजीचे वर्ग लावले. तोवर झाडलोट आणि स्वयंपाकघरात पडलेली तीच माणसं कवायतीत तयार झाली. ही पद्धत इतर छावण्यांतही नेली. तोफगोळ्यांशिवायचा विजय, आणि नायकाच्या आईच्या भाषेत हुकूम देणारा सार्जंट हे पात्र फुकट मिळतं.

शेवट मात्र १९२४ पर्यंत नेऊन ठेवा. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिघमने १९२३च्या पुस्तकात याच आकड्यांवरून देशोदेशींच्या स्थलांतरितांची क्रमवारी लावली : रशियन, इटालियन, पोलिश तळाला. गंमत म्हणजे अमेरिकेत वीस वर्षांहून जास्त राहिलेल्यांचे गुण तिथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीचे होते. शेंबड्या पोरालाही कळेल की चाचणी अमेरिकेची ओळख मोजतेय. ब्रिघमने अर्थ काढला की अलीकडे येणारे लोकच हलक्या प्रतीचे! पुढच्याच वर्षी स्थलांतरितांवर देशवार मर्यादा घालणारा कोटा कायदा आला : १८९० च्या जनगणनेत त्या-त्या देशाचे जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या २ टक्के. नायकाचा धाकटा भाऊ नेपल्सच्या बंदरात अडकला. १९३० मध्ये ब्रिघमने आपले निष्कर्ष मागे घेतले, पण भाऊ तिकडेच.

खंदक_नं_९

परिणाम जबरदस्त, पण कार्यकारणभाव ताणू नका. पहिला कोटा कायदा १९२१चा, म्हणजे ब्रिघमच्या पुस्तकाआधीचा. चाचण्या नसत्या तरी १९२४ टळलं नसतं, असं मानणारे अभ्यासक आहेत. आणि सगळे गप्प बसले होते असंही दाखवू नका, पत्रकार वॉल्टर लिपमनने १९२२ मध्येच या आकड्यांची सालं काढली होती.

पाटीपेन्सिल

थोडं अवांतर. व्हाइनलंडच्या बैठकीतल्या त्याच टर्मनची स्टॅनफर्ड-बिने ही बुद्धिमापन चाचणी धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. भाषांतर करून भागत नाही, प्रश्नच बदलावे लागतात, हे आपल्याकडे तेव्हाच कळलं होतं. असो, मूळ मुद्दा.

@जुनी_वही, तुमच्या क्रूसाला एक जोड देतो. त्या चित्रांच्या तपासणीचे लेखी नियम होते. धुराडं योग्य जागीच हवं, नुसत्या धुराला गुण नाही. बोलिंगच्या (चेंडू घरंगळवून खुंट्या पाडायच्या खेळाच्या) चित्रात चेंडू पुरुषाच्या हातातच हवा, बाईच्या हातात किंवा हवेत काढला तर शून्य. आणि आठव्या चित्रात पाकिटावर तिकीट नाही. तिथे योग्य जागी साधा चौकोन किंवा क्रूस काढला तरी गुण द्यायचा.

जुनी_वही

थांबा. पाचवं चित्र घर, आठवं पाकीट, दोन्ही एकाच पानावर?

पाटीपेन्सिल

एकाच. २० च्या २० एका पानावर.

जुनी_वही

मग एकाच पोराने दोन्हीकडे क्रूस काढायचा. तपासणारा कारकून वर शून्य टाकतो, दोन चित्रं सोडून त्याच खुणेला एक गुण देतो, आणि पुढचा कागद ओढतो. पदक रद्द, @रणगाडा.

रणगाडा

सार्जंट तरी ठेवा.