अनुभव धागा: सॅक्सोफोनचा टोन कधी आणि कशाने सुधारला?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

अल्टो सॅक्स घेऊन तीन वर्षं झाली. बोटं बऱ्यापैकी पळतात, नोटेशन वाचता येतं, पण टोन म्हणजे बायकोच्या भाषेत "भंगारवाल्याचा भोंगा", आणि ती उगाच बोलत नाही. मागच्या महिन्यात फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर मलाच वाटलं हे कोण नाकात बोलतंय. आत्तापर्यंत तीन माउथपीस (तोंडात धरायचा भाग) झाले, दोन लिगेचर (त्यावर रीड आवळणारा पट्टा) झाली, रीडचे (फुंकल्यावर थरथरणाऱ्या वेताच्या पट्टीचे) डबे किती ते लिहीत नाही कारण घरचे पण इथे वाचतात. नवीन वस्तू आली की आठ दिवस बरं वाटतं, नवव्या दिवशी पुन्हा तोच भोंगा.

म्हणून हा धागा काढतोय. सल्ले नकोत, ते यूट्यूबवर पोत्याने पडलेत. तुमचा स्वतःचा टोन कधी बदलला, कशाने बदलला, किंवा कशाने बिघडला ते सांगा. क्लॅरिनेट, बासरी, सनईवाल्यांनीही लिहा, फुंकणारे सगळे आपलेच.

खर्जवाला, ठाणे

मी आधी अकरा वर्षं गाणं शिकलो आणि सॅक्स फार उशिरा हातात घेतला. गुरुजी पहाटे खर्ज लावायला बसवायचे, एकच सा, जाम कंटाळा यायचा. नंतर सॅक्सच्या सरांनी लाँग टोन (एकच सूर लांब धरणं) करायला सांगितले तेव्हा डोक्यात शिरलंच नाही की हे तेच आहे. ट्यूनर समोर ठेवून काटा मधोमध आणायचो. सूर बरोबर यायचा, पण मेलेला. एकदा कंटाळून ट्यूनर बंद केला आणि तानपुऱ्याचं ॲप काळी दोनला (पेटीची दुसरी काळी पट्टी) लावलं, कारण अल्टोवर सी वाजवला की तो काळी दोनचा सा येतो (टेनर, म्हणजे मोठा सॅक्स वाजवणाऱ्यांनी काळी पाच लावा). सूर नीट मिसळला की आपला आवाज वेगळा असा ऐकूच येत नाही, आणि जरा हलला की लाटा ऐकू येतात, व्वँव व्वँव अशा. त्या घालवायला आधी ओठ आवळून बघितले, आवाज अजूनच चिरका झाला. मग गाताना आकारावरून ओकारावर जाताना घशात आणि जिभेच्या मागच्या भागात जे होतं ते करून बघितलं आणि एकदम घुमारा आला. पाच-सात सेकंदच टिकला, पण आला. तेव्हापासून रोज वीस मिनिटं फक्त सा आणि प.

जाता जाता, सॅक्सवर कर्नाटक संगीत वाजवणारे कद्री गोपालनाथ ऐका. घर नागस्वरमवाल्यांचं (दक्षिणेतली सनईच म्हणा), म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्स ऐकला आणि त्याच्या मागे लागले, १९९४ ला लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात वाजवून आले. त्यांचा टोन कुठल्याच जॅझवाल्यासारखा नाही. माझ्या मते कानात नागस्वरम होतं तेच सॅक्समधून बाहेर आलं.

बँडवाल्याचा नातू

आमचं घर बँडचं. आजोबा क्लॅरिनेट वाजवायचे, चुलते सॅक्स, मी पण सॅक्स. वाद्य मेरठचं, पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) कायम गळके, दोन चाव्या रबरबँडवर चालायच्या. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन वराती, पुढं ताशा, मागं जनरेटर, अशात टोन कोण बघतंय, ऐकू गेलं म्हणजे झालं. खालच्या ओठाला आतनं घट्टा पडलेला दात आवळून आवळून. आणि मला वाटायचं आपला आवाज लय भारी, दोन गल्ल्या पलीकडं जातो. मग एका ओळखीच्यानं भावगीताच्या रेकॉर्डिंगला बोलावलं, तिथं हेडफोन लावून पहिला सूर काढला तर पत्र्यावर खिळा ओढल्यागत. रेकॉर्डिंगवाला तोंडानं काही बोलला नाही, नुसता माइक लांब सरकवला. जरा वेळानं अजून लांब.

घरी येऊन काकांना सांगितलं तर हसले आणि म्हणाले उद्यापासनं रात्री अंगणात वाजवायचं, घरातले झोपल्यावर, आणि कुणी उठलं तर सकाळचा चहा बंद. पहिले आठ दिवस चहा मिळाला नाही. हळू वाजवायचं म्हणून हवा कमी केली की सूर पडायचा, ओठ आवळला की मरायचा. मग कळलं की पोटातनं हवा वरातीएवढीच सोडायची, फक्त धार बारीक ठेवायची आणि जबडा सैल. चातुर्मासात बँडला लग्नाचं काम नसतं, ते चार महिने त्यातच गेले. आता त्याच मेरठच्या पितळेतनं बरा आवाज निघतो. पॅड मात्र बदलून घेतले.

रीडकरी

@बँडवाल्याचा नातू, चहा बंद 😂 आमच्याकडे उलटं आहे. वन बीएचके, शेजारी त्रास नको म्हणून कपाट उघडून कपड्यांत बेल (वाद्याचं रुंद तोंड) खुपसून दोन वर्षं वाजवलं. कपडे वरच्या पट्टीतला सगळा आवाज खाऊन टाकतात त्यामुळे मला आपला टोन मस्त मऊ वाटायचा. हॉलमध्ये वाजवला तर कोंबडं. आता रविवारी मित्राच्या बंद दुकानात जातो, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून वाजवतो, खरं काय ते लगेच कळतं.

सांजसूर, जर्सी सिटी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मला खालचे सूर यायचेच नाहीत. लो सीच्या खाली गेलं की गुळण्या केल्यासारखा आवाज. भारतात वाद्य घेताना दुकानदाराने ऐकवलं होतं की बायकांना दम पुरत नाही, क्लॅरिनेट घ्या. ते इतकं डोक्यात बसलं होतं की आठ महिने मी स्वतःलाच दोष देत राहिले, प्राणायाम केला, फुगे फुगवले, काय काय केलं. इथे एकाकडे सर्व्हिसिंगला नेलं, त्याने वाद्याच्या आत दिव्याची नळी सोडली आणि खोलीत अंधार केला. जी शार्पच्या पॅडच्या कडेने उजेडाची रेघ दिसत होती. इतकंच! वर कुठे हवा गळत असेल तर खालचा सूर कितीही दम लावा बसत नाही. पंधरा मिनिटांचं काम. मी गाडीत बसून रडले, खरंच सांगते.

पण गंमत पुढे आहे. गळती गेली आणि टोन मात्र चिरकाच राहिला, म्हणजे दुसरा दोष माझाच होता. मुलीच्या शाळेतल्या बँडच्या बाईंनी मला नुसता माउथपीस वाजवायला लावला, नेक (वरची वाकडी नळी) वगैरे काही न जोडता. क्लासिकल पद्धतीत अल्टोच्या माउथपीसवर ए यावा, ८८० हर्ट्झच्या आसपास, आणि जॅझवाले त्याच्याही खाली ठेवतात. माझा येत होता वरचा सी. म्हणजे मी किती चावत होते बघा. जबडा सोडत सोडत ए पर्यंत उतरायला तीन आठवडे लागले, आणि त्या दिवशी वाद्य जोडून वाजवलं तर नवरा किचनमधून बाहेर आला की हे कोणाचं रेकॉर्डिंग लावलंस.

मडगावकर

आमच्याकडे चर्चच्या शाळेत सरांनी पहिले कितीतरी महिने वाद्याला हातच लावू दिला नाही, आधी सूर तोंडाने म्हणायचा. सॅक्स आल्यावर मग ओव्हरटोन, म्हणजे एकाच फिंगरिंगवर वरचे सूर काढणं. सगळ्यात खालच्या बी फ्लॅटचं फिंगरिंग धरायचं, ऑक्टेव्ह कीला (वरच्या सप्तकाची चावी) अंगठा लावायचा नाही, आणि बोटं न हलवता त्याच्या वरचा बी फ्लॅट काढायचा, मग एफ, मग अजून वरचा बी फ्लॅट, मग डी. सूर आधी मनात म्हटला तरच निघतो, नाहीतर नुसतं किंचाळतं. मला एफ निघायला दोन महिने लागले, घरातला कुत्रा तेवढे दिवस शेजाऱ्यांकडे राहायला होता. फायदा असा की नंतर तेच सूर नेहमीच्या फिंगरिंगने वाजवले की भरीव येतात, कारण घशाला जागा ठाऊक झालेली असते.

पावसाळ्यात रीड बंद डबीत ओली ठेवू नका ही एक विनंती. जूनमध्ये ठेवलेली डबी गणपतीत उघडली तर आत बाग फुललेली. पुसायची, वाळवायची, आणि चार रीड आलटून पालटून वापरायच्या.

उलट_सूर

सगळे इतके साधू झालेत म्हणून लिहितो. माझा टोन माउथपीसनेच सुधारला. वाद्याबरोबर आलेला चार सी नंबरचा माउथपीस होता, तो चांगलाच असतो, काही वाईट नाही, पण मला जॅझ वाजवायचं होतं आणि तो फार अरुंद वाटायचा. हार्ड रबरचा मायर कंपनीचा पाच नंबर घेतला आणि पहिल्याच दिवशी हवेला वाट मिळाली. मात्र आधी दोन वर्षं लाँग टोन झाले होते हे कबूल करतो, त्याच्या आधी घेतला असता तर नुसता भुसा उडाला असता.

आणि जॅझचा दिग्गज सॅक्सवादक चार्ली पार्करने १९५३ ला टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये प्लास्टिकचा सॅक्स वाजवला होता, ग्राफ्टन नावाचा. पितळेवर लॅकर कुठलं, चांदीचा मुलामा आहे का वगैरे वाद घालणाऱ्यांनी ते रेकॉर्डिंग ऐकून मग बोला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. काल सांजसूर यांची माउथपीसची टेस्ट केली. माझा सी शार्प आला, म्हणजे मी तुमच्याही वर!! 😅 शिवाय एक कबुली, मी साडेतीन नंबरची रीड वापरतोय कारण कुठेतरी वाचलं होतं की पक्के वाजवणारे जाड रीड वापरतात, आणि ती हलवायची म्हणूनच बहुतेक इतका चावत होतो. आज अडीचवर आलो. पहिला अर्धा तास आवाज सांडत होता, कुठे धरू कळेना, मग काळी दोनला तानपुरा लावून फक्त सी धरून बसलो.

बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. म्हणाली, भंगारवाला आज पुढच्या गल्लीत गेला वाटतं. रेकॉर्ड केलंय, पण अजून टाकायची हिंमत नाही. बी फ्लॅटवरून एफ निघाला की टाकतो.