मदत हवी आहे: रशियाचं प्रोटॉन-एम रॉकेट (२ जुलै २०१३) नेमकं कशामुळे कोसळलं?

निळाई
विज्ञान प्रदर्शनासाठी फसलेल्या उड्डाणांवर तक्ता करतेय. कझाकस्तानातल्या बैकानूरहून तीन ग्लोनास (रशियाचे दिशादर्शक) उपग्रह घेऊन निघालेलं हे रॉकेट सुमारे ३२ सेकंदांत जमिनीवर आदळलं. चौकशीत कोनीय वेग मोजणारे सेन्सर उलटे बसवल्याचं निघालं, पण काही गोष्टी पटत नाहीत. सेन्सर उलटे होते तर रॉकेट सरळ उठलं कसं? तिहेरी व्यवस्था असताना चूक पकडली का गेली नाही? आणि इंजिन बंद पडलं असेल, ही शंका कशी खोडायची? जाणकारांनी कृपया सांगा.

गणकयंत्र
इंजिनापासून सुरुवात करू. पहिल्या टप्प्यात सहा इंजिनं असतात. त्यातलं एक गेलं तर जोर एका बाजूला कमी पडतो आणि रॉकेट त्याच बाजूला कलत जातं. व्हिडिओत दिसतं ते वेगळं: आधी एकीकडे झोक, मग उलट दिशेला त्याहून मोठा झोक, मग आडवं. दर खेपेला वाढणारे हेलकावे दिसले की संशय नियंत्रणावर घ्यायचा.

रॉकेट किती कललंय हे एक यंत्रणा सांगते, किती वेगानं कलतंय हे दुसरी. पहिली रॉकेटला सरळ करते, दुसरी झोका आवरते. इथे वेगाचं चिन्ह उलटं झालं, त्यामुळे आवरण्याऐवजी प्रत्येक झोक्याला रेटा मिळत गेला. सुरुवातीला कल आणि वेग दोन्ही जवळजवळ शून्य, म्हणून उड्डाण सरळ भासतं.

तक्त्याशेजारी स्प्रेडशीट ठेवा, मुलांना लगेच कळेल. सुरुवातीचा कोन १ अंश, वेग ०, पायरी ०.०२ सेकंद. प्रत्येक ओळीत:
त्वरण = −४ × कोन − १ × वेग
नवा वेग = वेग + ०.०२ × त्वरण
नवा कोन = कोन + ०.०२ × नवा वेग

क्रम चुकवू नका, कोनासाठी नवाच वेग घ्या. ६.५ सेकंदांनी कोन ०.०४ अंशावर येतो. आता फक्त वेगापुढचं उणे चिन्ह अधिक करा: शिखरं साधारण −२, ५, −११, २५ अंश अशी चढत जातात. हे आकडे प्रोटॉनचे नाहीत, पण वागणूक तीच. कोनाचंही चिन्ह उलटं केलंत तर हेलकावा येतच नाही, रॉकेट थेट एका बाजूला जातं. व्हिडिओवरून हा फरक ओळखता येतो.

जोडणीघर
तिहेरी व्यवस्थेबद्दल: सहापैकी तीन सेन्सर, म्हणजे डावी-उजवी वळणं (यॉ) मोजणारे, १८० अंश फिरवून बसवले होते. तीनपैकी दोघांचं जुळलं की ते खरं, असा हिशेब असतो. तिघंही एकसारखं चुकले, मग बहुमत चुकीचंच निघणार. एखादा भाग बिघडला तर ही व्यवस्था वाचवते, जोडणीच चुकली तर नाही.

उड्डाणापूर्वीच्या विद्युत चाचणीत सेन्सर जोडलाय आणि चालतोय एवढंच कळतं. उभं रॉकेट फिरत नाही, त्यामुळे वाचन शून्य, आणि उलट्या सेन्सरचंही शून्यच. पृथ्वीचं फिरणं सेकंदाला जेमतेम ०.००४ अंश, त्याचा इथे उपयोग नाही. सेन्सरवर वर दाखवणारा बाण होता, बसवायच्या पट्टीवर खुंट्या होत्या. तरी जोर लावला की तो उलटाही बसतो. अवशेषांतल्या पट्ट्यांवर तसे दाबल्याचे व्रण सापडले, म्हणून हा निष्कर्ष मला भक्कम वाटतो. नुसत्या टेलिमेट्रीवरून (रॉकेटनं उड्डाणात पाठवलेल्या नोंदींवरून) इतकं ठामपणे सांगता आलं नसतं.

निळाई
मनापासून आभार! एकच राहिलं: कलंडल्यावर इंजिनं बंद का केली नाहीत? आणि जमीन सोडल्याचा संकेत ०.४ सेकंद आधी आला होता म्हणे, त्याचं काय?

गणकयंत्र
त्या संकेतावर सुरुवातीला बरेच तर्क झाले, पण चौकशीत कारण ठरले सेन्सरच. झोके का वाढत गेले, हे संकेताच्या गडबडीवरून समजतही नाही.

इंजिनं मुद्दामच चालू ठेवलेली असतात. पहिली ४२ सेकंद बंद करण्याचा आदेश अडवलेला असतो, म्हणजे शेकडो टन हेप्टिल (इंधन) आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड (ते जाळणारं रसायन) प्रक्षेपण तळावरच पडू नये. दोन्ही अतिविषारी. म्हणूनच ते तळापासून सुमारे अडीच किलोमीटरवर जाऊन पडलं.

जोडणीघर
तक्त्यात जागा असेल तर शेजारी ‘वेगा’ या युरोपीय रॉकेटचं १७ नोव्हेंबर २०२० चं उड्डाण घ्या. चौथ्या टप्प्यात इंजिनाचं तोंड वळवणाऱ्या यंत्रणेच्या केबल्स उलटसुलट जोडल्या गेल्या आणि दोन उपग्रह गेले. तिथेही वळवायचं एकीकडे, वळलं दुसरीकडे. तुमच्या स्प्रेडशीटमध्ये तो प्रकार हवा असेल तर त्वरणाच्या मूळ सूत्रातली दोन्ही चिन्हं उलटी करा.