रॉकेटचं नॉझल : तोटी, प्रोथ की नॉझलच?

प्रश्न : नववी-दहावीच्या मुलांसाठी रॉकेटवर मजकूर लिहायचा आहे. नॉझलला 'तोटी' म्हटलं तर चालेल का? मराठी विश्वकोशात 'प्रोथ' आहे, पण तो शब्द मुलांच्या कानावरून कधी गेलेला नसतो.

उत्तर : तोटी नको. तोटी म्हटलं की नळाची तोटी आठवते आणि तिचं काम पाणी सोडणं-अडवणं. नॉझलचं काम वेगळं आहे, ते दाबाचा वेग करतं. रॉकेटच्या ज्वलनकक्षात वायू प्रचंड तापलेला आणि दाबाखाली असतो, पण त्याला वेग फारसा नसतो. नॉझलच्या निमुळत्या भागात वेग वाढत जातो आणि सर्वांत अरुंद जागी तो तिथल्या ध्वनिवेगाइतका होतो. त्या जागेला 'कंठ' म्हणा, हा शब्द चपखल आहे.

कंठापुढे नॉझल रुंद का होतं, हे मात्र मजकुरात नीट सांगा, कारण मुलं हमखास इथेच अडतात. पाइपचं तोंड दाबलं की पाणी जोरात उडतं, मग रुंद केल्यावर वायूचा वेग कमी व्हायला हवा, असं त्यांना वाटतं. ध्वनिवेगाच्या खाली ते बरोबरच आहे. ध्वनिवेग ओलांडला की वायू इतक्या झपाट्याने विरळ होतो की वेग वाढत असतानाही त्याला जास्त जागा लागते. वाट रुंद केली तरच तो आणखी वेग घेतो. स्वीडिश अभियंता गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८८८ च्या सुमारास वाफेच्या टर्बाइनसाठी असं नॉझल वापरलं. रॉकेटमध्ये ते नंतर आलं. शास्त्रीय नाव हवंच असेल तर 'अभिसारी-अपसारी नॉझल' (आधी निमुळतं, मग रुंद होणारं) लिहा.

पुरवणी : 'चोक' हा शब्द जपून वापरा. गॅरेजमध्ये नोझल चोक झाला म्हणजे कचरा अडकला. रॉकेटवाल्यांच्या भाषेत नॉझल चोक असणं ही बिघाड नसून नेहमीची स्थिती आहे : कंठाशी ध्वनिवेग गाठला गेला, आता बाहेरचा दाब कितीही कमी केला तरी दर सेकंदाला जाणारा वायू वाढत नाही. हवेच्या बाबतीत, नुसत्या निमुळत्या नॉझलमध्ये, आतला दाब बाहेरच्या सुमारे १.९ पट झाला की ही वेळ येते.

तोंडाचं क्षेत्रफळ भागिले कंठाचं क्षेत्रफळ, याला 'प्रसरण गुणोत्तर' म्हणता येईल. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटमधल्या मर्लिन इंजिनाच्या जमिनीवरून उडणाऱ्या रूपात ते सुमारे १६ आहे, अंतराळातल्या रूपात १६५. मोठं नॉझल जमिनीवर लावलं तर वायू गरजेपेक्षा जास्त पसरतो, त्याचा दाब हवेच्या दाबाखाली जातो आणि प्रवाह भिंतीपासून सुटतो. तो सगळीकडे सारखा सुटत नाही, म्हणून आडवे धक्के बसतात आणि पातळ भिंत वाकू शकते. भिंत हलकी असणंही तितकंच मोलाचं. इस्रोने २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बनचं (कार्बनच्या तंतूंनी बळकट केलेल्या कार्बनचं) नॉझल तपासलं. आधीच्या कोलंबियम (म्हणजे नायोबियम धातू) मिश्रधातूच्या भागापेक्षा ते सुमारे ६७ टक्के हलकं, आणि त्यामुळे १५ किलो जास्त भार नेता येईल असा अंदाज आहे.

शेतीच्या बाजूने : फवारणी पंपाच्या फवारा सोडणाऱ्या टोकाला 'नोझल'च म्हणतात, दुसरा शब्द कुणी वापरत नाही. पोटभेद मात्र आहेत. तणनाशकाला पंख्यासारखा सपाट फवारा देणारा नोझल, कीटकनाशकाला पोकळ शंकूचा. इथे दाब वाढवून प्रवाह वाढवायचा हट्ट करू नये, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. दुप्पट पाणी हवं तर दाब चौपट लागतो, शिवाय थेंब बारीक होऊन वाऱ्याने शेजारच्या पिकावर जातात. त्यापेक्षा मोठ्या भोकाचा नोझल लावा.

तपासणी सोपी आहे. मोजपात्रात एक मिनिट पाणी धरा. नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त आलं तर तो झिजला, बदला. मिनिटाला ०.८ लिटर, फवाऱ्याचा पट्टा अर्धा मीटर, चाल ताशी ३ किलोमीटर असेल तर हेक्टरी ३२० लिटर पाणी पडतं (६०० × ०.८ ÷ १.५; इथे १.५ म्हणजे चाल गुणिले पट्टा, ६०० हा एकके जुळवणारा आकडा). भोक तारेने किंवा टाचणीने साफ करू नका, कड खरवडली की फवारा एका बाजूला ओढतो. मऊ ब्रश पुरे.

आणखी एक : गॅसच्या शेगडीत त्याच कामाच्या पितळी तुकड्याला 'जेट' म्हणतात. सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना मोठ्या भोकाचा जेट लागतो, जुनाच ठेवला तर आच मंद राहते. उलट, पाइप गॅसचा जेट सिलिंडरला लावला तर ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडतात, आणि ते धोक्याचंही आहे.

लिंगाबद्दल : शेतात आणि गॅरेजमध्ये 'नोझल बदलला', लिखाणात बहुधा 'नॉझल बदललं'. दोन्ही रूढ आहेत, एका मजकुरात एकच ठेवा. 'प्रोथ' पहिल्या उल्लेखात एकदा द्या आणि पुढे नॉझलच लिहा.