विद्यापीठाची पडून असलेली जमीन विकावी की भाडेपट्ट्याने द्यावी?

प्रश्न

मी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या मालमत्ता समितीवर प्राध्यापकांचा प्रतिनिधी आहे. मुख्य आवारापासून दूर, अनेक वर्षे पडून असलेला एक मोठा भूखंड विकून त्या पैशातून जुन्या वसतिगृहांची दुरुस्ती करावी, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. वसतिगृहांची अवस्था खरोखरच वाईट असल्यामुळे नुसता विरोध करणे मला योग्य वाटत नाही. पण एकदा हातची गेलेली जमीन परत मिळत नाही, ही टोचणीही मनाला आहे. मत देण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर 1

माझे मत स्पष्ट आहे : विकू नका. सिअ‍ॅटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठ 1895 मध्ये नव्या आवारात गेले, तेव्हा जुनी सुमारे दहा एकर जागा विकण्याचे प्रयत्न झाले, पण ते फसले. पुढे ती जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली गेली, तिच्याभोवती शहराचा मध्यभाग उभा राहिला, आणि मालकी आजही विद्यापीठाकडेच आहे. तेव्हा गिऱ्हाईक मिळाले असते, तर हे उत्पन्न कायमचे गेले असते.

मात्र भाडेपट्टा म्हणजे आपोआप शहाणपण नव्हे. भाडे ठरावीक वर्षांनी नव्या मूल्यांकनानुसार वाढेल, असे कलम करारात नसेल, तर मालकी कागदावर विद्यापीठाची आणि लाभ मात्र भाडेकरूचा, अशी स्थिती होते. मुदतीची शेवटची काही वर्षे तर विशेष जपावी लागतात, कारण उरलेला काळ थोडा असला की बँका त्या जागेवर कर्ज देण्यास कचरतात आणि भाडेकरूही इमारतीवर खर्च करणे थांबवतो. इमारत विद्यापीठाच्या ताब्यात येते ती मोडकळीला आलेली. परत देताना ती कोणत्या स्थितीत असावी, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.

उत्तर 2

विक्री की भाडेपट्टा हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्याकडे मालमत्तेची अद्ययावत नोंदवही आहे का? या भूखंडाची मोजणी शेवटची कधी झाली, हद्दीच्या खुणा जागेवर आहेत का, कोणाची वहिवाट आहे का, आणि जमीन मुळात दान म्हणून किंवा सरकारकडून मिळाली असल्यास त्या कागदात ‘केवळ शैक्षणिक कार्यासाठी’ अशी अट आहे का, हे आधी पाहावे. अशी अट मोडल्यास जमीन परत घेण्याचा हक्कही कधी कधी राखलेला असतो. मूल्यांकन ज्यांचा व्यवहारात काहीही संबंध नाही अशा दोन स्वतंत्र व्यक्तींकडून करून घ्यावे. समितीतील कोणाचे हितसंबंध असतील, तर त्यांनी ते लेखी जाहीर करून चर्चेतून बाहेर पडावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. नोंदवही आहे, पण मोजणी जुनी आहे. अडचण अशी की दरवर्षी येणाऱ्या भाड्यातून वसतिगृहांना लागणारी रक्कम एकदम उभी राहणार नाही.

उत्तर 1

त्यासाठी संपूर्ण मुदतीचे भाडे आगाऊ घेण्याचा मार्ग आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ निवासी भूखंड 99 वर्षांच्या पट्ट्याने देऊन मोबदला सुरुवातीलाच घेते. पण हा पैसा पुढच्या 99 वर्षांच्या विद्यार्थ्यांचाही आहे, म्हणून तो सरसकट खर्चू नये. टेक्सासमध्ये विद्यापीठांच्या सुमारे 21 लाख एकर जमिनीवर 1923 मध्ये तेल लागले. त्या तेलाची रॉयल्टी स्थायी निधीत मुद्दल म्हणून जमा होते आणि विद्यापीठांना त्या निधीच्या गुंतवणुकीतून रक्कम मिळते. आपल्याकडेही मिळणाऱ्या रकमेचा मोठा भाग अशा निधीत ठेवून, वसतिगृहांसाठी किती काढायचे हे आकड्यासह ठरावातच नमूद करावे. पगार किंवा वीजबिल यांसाठी त्यातला एकही पैसा वापरता येणार नाही, हेही त्याच ठरावात असू द्या. तूट भरून काढण्याची सवय इथूनच लागते.

उत्तर 2

यात एवढीच भर घालतो की आगाऊ रक्कम घेतल्यावर पुढे भाडे वाढवण्याची संधी उरत नाही. म्हणून सगळा भूखंड एकाच वेळी देऊ नका. रस्त्यालगतचा भाग आधी द्या, आणि तोही नवी मोजणी हातात आल्यावरच.