सेंटओएस ८ची मुदत मध्येच तोडली. फुकट वापरणाऱ्यांनी रागवायचं की नाही?

खडकवासलाकर
सेंटओएस म्हणजे रेड हॅट कंपनीच्या आरएचईएल या विकतच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची फुकट मिळणारी हुबेहूब आवृत्ती होती. सप्टेंबर २०१९मध्ये सेंटओएस ८ आली तेव्हा २०२९पर्यंत अपडेट मिळतील असं जाहीर झालं होतं. त्या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले. ८ डिसेंबर २०२०ला अचानक घोषणा झाली: २०२१अखेर आठवी आवृत्ती बंद, पुढे फक्त सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे तर आरएचईएलमध्ये येणारे बदल आधीच मिळणारी आवृत्ती. जुन्या सातव्या आवृत्तीची २०२४ची मुदत मात्र तशीच राहिली. म्हणजे ज्यांनी वेळेवर अपग्रेड केलं, नेमके तेच अडकले! फुकट असलं तरी जाहीर केलेली तारीख हा दिलेला शब्द असतो. तो मोडला, आणि मला ते चूकच वाटतं.

टर्मिनल_तात्या
असहमत. परवान्यातच लिहिलंय, कसलीही हमी नाही. २०१४पासून सेंटओएसच्या काही मुख्य डेव्हलपरांना रेड हॅटच पगार देत होती. सुरक्षेचे पॅच बनवणं, तपासणं, वर्षानुवर्षं देत राहणं हे काम कोणाच्या तरी पगारातूनच होतं ना? त्यात वाटा न उचलता तारखा कसल्या मागता? कोड खुला होता म्हणूनच २०२१मध्ये आल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या तशाच फुकट आवृत्त्या आल्या. ओपन सोर्सने दिलेला हक्क तो हाच.

खडकवासलाकर
तात्या, हमी नाही म्हणजे बगमुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येत नाही. मुदत वाटेल तेव्हा तोडावी असं त्यात कुठे आहे? आणि फोर्कचं, म्हणजे खुल्या कोडवरून आपली वेगळी आवृत्ती काढण्याचं म्हणाल तर जून २०२३मध्ये रेड हॅटने आरएचईएलचा सोर्स कोड सगळ्यांसाठी उघड ठेवणंही थांबवलं. आता तो ग्राहकांना मिळतो, आणि त्यांनी पुढे वाटला तर करार रद्द होऊ शकतो.

टर्मिनल_तात्या
ज्याला बायनरी, म्हणजे चालवायला तयार प्रोग्रॅम दिला त्याला सोर्स द्या, असं लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो. नियमात बसतं.

मेघना_ठाणे
नियमात बसत असेलही तात्या, पण लोक दुखावले ते नियमामुळे नाही. आल्माने त्यानंतर हुबेहूब नक्कल सोडली, फक्त आरएचईएलवरचे प्रोग्रॅम चालतील एवढी सुसंगतता ठेवली, आणि ते उघडपणे सांगितलं. त्यावर फारसं कोणी चिडलेलं मला दिसलं नाही. पगाराचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण खर्च परवडत नव्हता तर नववी आवृत्ती काढणार नाही म्हणायचं होतं. आठवीवर लोक आधीच बसले होते.